खात्री पटत नाही

दुपारी चार वाजता चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायचं आणि देवरूखच्या ताईंना हाक मारायची, हा तृप्ती पाटणेचा नेम होता. ताई म्हणजे शैलजा पाटणे, तृप्तीची थोरली नणंद. तृप्तीचा नवरा सुहास असेपर्यंत या दोघींचं बोलणं बेताचंच होतं. जे काय सांगायचं ते त्याच्यामार्फत. तो गेला, दिवसकार्य आटोपलं, माणसं आपापल्या गावी पांगली, आणि एका दुपारी ताईंनी कोल्हापूरला फोन लावून विचारलं, "चहा घेतलास? नाही ना? मग ठेव. मीही ठेवते. बरोबरच पिऊ."

तेव्हापासून दोन गावांत एकाच वेळी चहा उकळायला लागला.

शैलजाताईंनी लग्न केलं नव्हतं. तहसील कचेरीतली नोकरी संपवून त्या देवरूखला एकट्याच राहत होत्या. कचेरीत रोज शंभर तऱ्हेची माणसं बघून त्यांच्या अंगात नकला भिनल्या होत्या. एक भुवई वर गेली, ओठ जरासा मुडपला, की समोर जुने नायब तहसीलदार उभे राहायचे. मासळीवाली, टीव्हीवरचे तज्ज्ञ, कोल्हापूरचे आखडू मामेसासरे, कुणाचीही सुटका नव्हती. क्वचित, मनात आलं तर, त्या सुहासचीही नक्कल करायच्या. "तृप्ती, माझा चष्मा बघितलास का?" एवढंच. तृप्ती हसायची, आणि मग थोडा वेळ कपातल्या चहाकडे बघत बसायची.

त्या दिवशी मासळीवालीची गोष्ट रंगात आली होती. ताई म्हणत होत्या, "मी तिला म्हटलं, बाई गं, हा बांगडा आहे की…" आणि पडदा राखाडी झाला. कोपऱ्यातलं हिरवं कुलूप लाल झालं. खाली अक्षरं उमटली :

'ही जोडणी सुरक्षित नाही. पलीकडची व्यक्ती शैलजा दिनकर पाटणे असल्याची खात्री पटत नाही.'

"अगंबाई!" तृप्ती रिकाम्या पडद्याला म्हणाली.

असा संदेश तिनं पूर्वी पाहिलाच नव्हता असं नाही. ब्राउझर कुरकुरतात. तृप्तीनं पान पुन्हा उघडलं. ताई दिसल्या, "कुठं गेली होतीस?" म्हणाल्या, आणि थोड्याच वेळात पुन्हा राखाडी. दुसऱ्या दिवशीही तेच. पहिली काही मिनिटं नीट, मग लाल कुलूप.

तृप्तीनं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. प्रयोग फसला की सगळं एकदम बदलायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे तिनं मुलांच्या कित्येक तुकड्यांना घोकून घेतलं होतं. तिनं पदर खोचला.

आधी घड्याळ. लॅपटॉपची तारीख-वेळ चुकली तर ब्राउझरला चांगली प्रमाणपत्रंही मुदत संपलेली वाटतात. घड्याळ बरोबर होतं. मग ब्राउझरनं साठवून ठेवलेला जुना पसारा पुसला. नवी आवृत्ती घेतली. विषाणूरोधक प्रोग्राम मध्ये तोंड घालतो म्हणून तो थोडा वेळ बंद ठेवला. घरचं वाय-फाय सोडून मोबाइलच्या डेटावर जोडणी करून पाहिली. काही फरक नाही. मात्र बंगळूरचा मुलगा, शाळेतल्या मैत्रिणी, बँकेतली मॅनेजर, सगळे त्याच लॅपटॉपवर हिरव्या कुलपासकट व्यवस्थित दिसत होते.

तिनं ताईंना मेसेज केला. मेसेजना ही अडचण नव्हती. 'तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ बघता का?'

उत्तर आलं, 'घड्याळ बरोबर आहे. मीही बरोबर आहे. तुझा लॅपटॉप म्हातारा झालाय.'

मग तृप्तीनं शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवरून ताईंना हाक मारली. पुन्हा लाल कुलूप. ताईंना त्यांच्या मैत्रिणीच्या घरी जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवरून बोलायला लावलं. तरी लाल कुलूप. लॅपटॉप बदलला, नेटवर्क बदललं, दोन्हीकडची यंत्रं बदलली. सगळ्यात एकच गोष्ट बदलली नव्हती.

ती म्हणजे ताई.

---

ओळख सेवा केंद्राच्या मदत कक्षात निवेदिता कुरणे नावाची इंजिनिअर होती. तृप्तीनं काय काय करून पाहिलं ते तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही माझं निम्मं काम करूनच आलात," ती म्हणाली. "बिघाड तुमच्याकडे नाही. त्यांचं सजीव प्रमाणपत्र जुळत नाहीये."

सजीव प्रमाणपत्राचा जन्म तृप्तीला आठवत होता. काही वर्षांपूर्वी खोट्या आवाजांनी आणि खोट्या चेहऱ्यांनी देशभर धुमाकूळ घातला होता. आईच्या आवाजात मुलीला फोन जायचा, मुलाच्या चेहऱ्यानं बापाशी बोललं जायचं, आणि पलीकडे माणूसच नसायचा, नुसता प्रोग्राम. लोक सख्ख्या भावंडांना कोडी घालून ओळख पटवू लागले होते. शेवटी वेबसाइटसाठी जी व्यवस्था होती तीच माणसांना लावायचं ठरलं. बँकेची साइट उघडताना ती खरंच त्या बँकेची आहे, असं एक विश्वासू मध्यस्थ प्रमाणपत्र देऊन सांगतो आणि ब्राउझर ते तपासूनच कुलूप दाखवतो. तसंच आता माणसाचं. केंद्रात जाऊन थोडा वेळ कॅमेऱ्यासमोर बोलायचं. यंत्र तुमची शेकडो बारीक लक्षणं टिपतं. पापण्या केव्हा लवतात, कुठल्या शब्दाआधी श्वास घेता, हसू ओठांवरून डोळ्यांपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हृदयाच्या ठोक्याबरोबर गालाचा रंग डोळ्यांना कळणारही नाही इतका कसा बदलतो. चोर चेहरा उचलू शकतो, आवाज उचलू शकतो. पण या सगळ्यांची एकमेकांशी असलेली वीण उसवल्याशिवाय उचलता येत नाही.

"पण माणसं बदलतात," तृप्ती म्हणाली. "मी काय दहा वर्षांपूर्वीसारखी बोलते?"

"म्हणूनच तर ते सजीव. तुम्ही रोज बोलता, ते रोज थोडं तुमच्यासारखं होत जातं. म्हातारपण त्याला चालतं. सर्दी चालते, दात काढले तरी चालतं. सुरुवातीची काही मिनिटं ते माणसाला संशयाचा फायदा देतं. पण एक विचारू? त्या काही नाटकबिटक करतात का?"

"नकला करतात."

निवेदिता हसली. "मग असेल तेच. थोडे दिवस साधं बोलायला सांगा."

तृप्तीनं हे सांगितलं तेव्हा ताई चिडल्या. "म्हणजे आता या ठोकळ्याला विचारून हसायचं?" पण दुसऱ्या दिवशी त्या शहाण्या मुलीसारख्या बसल्या आणि बाजारभाव, पाणीपुरवठा, गुडघे अशा विषयांवर बोलल्या. तृप्तीला इतका कंटाळवाणा चहा आठवत नव्हता. गुडघ्यांपर्यंत आल्यावर कुलूप लाल झालं.

तृप्तीनं पुन्हा निवेदिताला गाठलं. "नेमकं कुठलं लक्षण जुळत नाही ते तरी सांगा."

"ते मला दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. यंत्र फक्त हो किंवा नाही म्हणतं आणि कारण तिथंच पुसून टाकतं. नाहीतर विमा कंपन्या, मालक लोक, सगळे त्यातून माणसांची दुखणी शोधत बसले असते. कायदाच तसा आहे." ती थांबली. "एवढं मात्र सर्वसाधारणपणे सांगते. यंत्र बदलाला घाबरत नाही. बदल झपाट्यानं झाला, एकाच दिशेनं झाला आणि मागे फिरला नाही, तर ते थबकतं. त्याच्या लेखी तो दुसरा माणूस होत चाललेला असतो."

"आणि तसा माणूस खोटा नसला तर?"

"मग एखाद्या डॉक्टरांना दाखवलेलं बरं, मॅडम. माझ्या खुर्चीवरून मी एवढंच बोलू शकते." मग तिनं सरळ उपायही सांगितला. ताईंनी जवळच्या केंद्रात जायचं, ओळखीच्या एका माणसानं प्रत्यक्ष हजर राहून साक्ष द्यायची, आणि नवं प्रमाणपत्र घ्यायचं. अर्ध्या तासाचं काम. "नव्या नमुन्यावर सगळं सुरळीत चालेल."

फोन ठेवल्यावर तृप्ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. नवं प्रमाणपत्र घेतलं की तक्रार मिटणार होती. म्हणजे जी काही खूण यंत्राला दिसली होती, तीही मिटणार होती.

---

ताईंना हा उपाय एकदम पसंत पडला. 'कधी येतेस साक्षीला? आंबोळ्या करते.'

तृप्तीनं लिहिलं, 'येते. पण आधी आपण डॉक्टरकडे जाऊ. मग साक्ष.'

मग एकापाठोपाठ एक मेसेज येत गेले. 'मला काय धाड भरलीय?' 'एका मशीनचं ऐकून मला आजारी ठरवतेस?' आणि शेवटी, 'त्या ठोकळ्याला माझी खात्री पटत नाही ते ठीक आहे. तूसुद्धा मला ओळखायला नकार देतेस?'

तृप्तीनं तो शेवटचा मेसेज पुन्हा वाचला. तिनं काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तिला सोपं काय ते कळत होतं. उद्या देवरूखला जायचं, सही ठोकायची, आंबोळ्या खायच्या आणि चार वाजताचा चहा परत मिळवायचा. सुहासनंतरच्या तिच्या दिवसांना तेवढाच एक कणा होता. ताई दुखावून गप्प बसल्या तर तोही जाणार होता.

'ओळखते म्हणूनच,' असं लिहून तिनं बॅग भरायला घेतली.

इलेक्ट्रिक एसटीनं आंबा घाट उतरताना तिनं मनाशी बरीच भाषणं रचली. ताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांतलं एकही आठवेना. ताई त्याच होत्या. तीच निळ्या काठाची साडी, तोच मोगऱ्याच्या तेलाचा वास. पण "ये," म्हणताना त्या हसल्या ते तृप्तीला जरा उशिरा कळलं. त्यांनी पिशवी हातातून काढून घेतली, पाठीवरून हात फिरवला. सगळं प्रेम हातांतून आलं, चेहऱ्यावर मात्र दार अर्धवट लोटल्यासारखं काहीतरी होतं. पडद्यावर रोज बघत असताना हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. रोज बघत होती म्हणूनच आलं नव्हतं.

जेवण झालं. रागाची मेसेजबाजी जणू दुसऱ्याच कुणी केली होती. माजघरात कात्री-अडकित्त्याच्या डब्यातून बडीशेप शोधत ताई म्हणाल्या, "कोल्हापूरकर बरे आहेत?"

"मामा? बरे आहेत. करा ना त्यांची नक्कल. इथं काही मशीन नाही बघायला."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्चीत ताठ बसल्या, घसा खाकरला, आणि मामेसासऱ्यांची नक्कल केली. वाक्यं त्यांचीच होती. त्यांचं ठरलेलं 'आमच्या वेळी' पण होतं. मग तहसीलदार झाले, मासळीवाली झाली. शब्द अगदी चोख होते. पण तहसीलदार, मासळीवाली आणि मामेसासरे या तिघांचा आवाज एकच होता; खालच्या पट्टीतला, सपाट, थोडा दमलेला. भुवई वर गेली नाही. ओठ मुडपला नाही.

तृप्तीनं हसायचा प्रयत्न केला आणि तो ताईंनी पकडला.

"नको हसूस," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"की येत नाहीये." ताई बडीशेपेची डबी उघडत-मिटत राहिल्या. "गणपतीपासून. आधी वाटलं, सराव कमी पडतोय. मग मी आरशासमोर बसायला लागले. दुपारी, दार लावून. या वयात! भुवईला सांगते वर जा, तर ती ऐकल्यासारखं करते आणि तिथंच राहते. आत सगळं होतंय गं, तृप्ती. आत तो तहसीलदार अगदी जसाच्या तसा बसलाय. बाहेरच येत नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू चार वाजता हसतेस म्हणून." त्यांनी डबी खाली ठेवली. "तू सुहासनंतर कशी झाली होतीस ते मी पाहिलंय. म्हटलं, जोवर चालतंय तोवर चालवू. त्या ठोकळ्यानं चुगली केली."

तृप्ती उठली आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली. एवढ्या वर्षांत ती कधी नणंदेच्या इतक्या जवळ बसली नव्हती. पडद्यावर ते जमायचंही नाही.

"उद्या रत्नागिरी," ती म्हणाली.

"आणि साक्ष?"

"परवा. तुम्ही म्हणाल तितक्या वेळा देते."

---

रत्नागिरीच्या डॉ. रुबिना काझींनी ताईंना बोटं टपटपवायला लावली, खोलीभर चालायला लावलं, वळायला लावलं. मग त्यांनी झाकणाच्या छोट्या बाटल्या पुढे केल्या आणि वास ओळखायला सांगितले. पहिल्या बाटलीला ताई म्हणाल्या, "काही नाही." दुसऱ्या बाटलीवर नाक टेकवून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही रिकामीच बाटली दिलीत."

बाजूला बसलेल्या तृप्तीपर्यंत लवंगेचा वास पोचला होता.

मेंदूची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी पडदा दोघींकडे वळवला. हालचालींना वंगण पुरवणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका मेंदूत खोलवर असतो, आणि ताईंचा तो पुंजका विझत चालला होता. दुखण्याचं नाव पार्किन्सन्स. "बहुतेक लोक माझ्याकडे हात थरथरायला लागल्यावर येतात," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. चेहरा आधी शांत होतो, आवाज आधी बसतो, वास जातो. पण घरच्यांना वाटतं वय झालं. तुम्ही खूप लवकर आलात. कुणाच्या लक्षात आलं?"

"ब्राउझरच्या," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटलं त्या थट्टा करताहेत. तृप्तीनं सगळं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. दोन वर्षांपूर्वी आलेलं एक इंजेक्शन होतं. दर महिन्याला घ्यायचं. ते पेशींमध्ये साचणारा प्रथिनाचा गाळ थोपवायचं. पेशी गेल्या त्या परत येत नाहीत, पण उरलेल्या टिकतात, आणि जितकं लवकर सुरू कराल तितक्या जास्त उरतात.

"म्हणजे हात चालतील?" ताईंनी विचारलं.

"हात, पाय, चालणं, स्वयंपाक, बरीच वर्षं. चेहऱ्यासाठी आणि आवाजासाठी व्यायाम देते. पण खरं सांगते, चेहरा पूर्वीइतका मोकळा होईलच असं नाही."

ताईंनी मान हलवली. पहिलं इंजेक्शन तिथंच झालं. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना रडू येतंय की झोप येतेय हे तृप्तीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. शेवटी तिनं सरळ विचारलं.

"ताई, वाईट वाटतंय का?"

"वाटतंय," ताई म्हणाल्या. "बरं झालं विचारलंस."

तृप्तीनं ते मनात पक्कं करून ठेवलं. यापुढे विचारायचं. अंदाज बांधत बसायचं नाही.

---

देवरूखचं केंद्र पोस्टाच्या मागे एका खोलीत होतं. तिथले अधिकारी मोने नावाचे गृहस्थ होते. नम्र, नियमाला पक्के. त्यांनी डॉक्टरांचा अहवाल वाचला, दोघींची ओळख तपासली आणि जरा संकोचून म्हणाले, "नवं प्रमाणपत्र देतोच. पण तुमच्यासारख्या रुग्णांसाठी आणखी एक सोय आहे. ती सांगणं माझं काम आहे."

त्यांनी सांगितलं ते असं. ताईंचं जुनं प्रमाणपत्र, म्हणजे दुखण्याआधीच्या त्यांच्या हसण्या-बोलण्याची सगळी वीण, अजून यंत्रात होती. ती त्यांच्याच कॉम्प्युटरवर ठेवता येत होती. मग पडद्यावर बोलताना जिथं चेहरा हलायचा थांबेल तिथं यंत्र तो हलवेल. आवाज बसला तर उचलून देईल. शब्द त्यांचे, विचार त्यांचे, फक्त हावभाव पूर्वीचे. पलीकडच्याला काही कळणार नाही, आणि कुलूप हिरवंच राहील. पुष्कळ रुग्ण घेतात. ती नको असेल तर कायद्याप्रमाणे जुना नमुना आत्ताच कायमचा पुसावा लागेल. चोरांच्या हाती पडू नये म्हणून.

"भुवई वर जाईल?" ताईंनी विचारलं.

"हो."

"वेगवेगळ्या माणसांचे आवाज?"

"तुम्ही पूर्वी जसे काढत होता तसे, बहुतेक. जमतं त्याला."

खोलीत पंखा फिरत होता. ताईंनी हात मांडीवर एकात एक गुंतवले आणि तृप्तीकडे वळल्या.

"तू सांग. समोर तू बसतेस. तुला कोणती हवी?"

तृप्तीला झटकन उत्तर देता आलं असतं आणि ते छान दिसलं असतं. पण तिला खरंच मोह झाला. तिला मासळीवाली हवी होती. तिला तो एका वाक्यातला सुहास हवा होता, ज्याचा आवाज आता या जगात फक्त या बाईच्या गळ्यात उरला होता, आणि परवा माजघरात तिला कळलं होतं की तो तिथूनही गेला. एक 'हो' म्हटलं की तो परत येणार होता. रोज, चार वाजता.

मग तिला ताई दार लावून आरशासमोर बसलेल्या दिसल्या. पडद्यावर यंत्र भुवई उडवत राहील आणि पडद्यामागे ताई कशा आहेत, दुखतंय का, रडताहेत का, हे तिला कधीच कळणार नाही. गणपतीपासून ते असंच तर चाललं होतं. चाललंय तोवर चालवत.

"मोह होतोय, ताई," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. पण पूर्वीच्या तुम्ही मला पाठ आहात. आत्ताच्या तुम्हाला मी अजून नीट ओळखत नाही. रोज बसून ओळख करून घ्यायचीय, तर ती तुमच्याशी होऊ दे. यंत्राशी नको."

ताई गुंतवलेल्या हातांकडे बघत राहिल्या. तृप्तीला वाटलं, आपण चुकलो. हा निर्णय आपला नव्हताच. ती काही बोलणार एवढ्यात ताई मोन्यांना म्हणाल्या, "पुसा."

मोन्यांनी पुसलं. एका कळीचं काम होतं. मग ते तृप्तीकडे वळले. "साक्षीदार, ही व्यक्ती शैलजा दिनकर पाटणे आहे हे आपण कशावरून सांगता? आपल्या शब्दांत सांगा. नियम आहे."

"यांनी मला सहा महिने फसवलंय," तृप्ती म्हणाली, "मी हसत राहावं म्हणून. दुसरं कुणी एवढी मेहनत घेतली नसती."

मोन्यांची बोटं कळफलकावर अडखळली. "असं लिहू?"

"लिहा," ताई म्हणाल्या.

नमुना घ्यायची वेळ आली. ताई कॅमेऱ्यासमोर ताठ बसल्या. मोने पडद्यावरच्या सूचना एकेक करून वाचू लागले. नाव सांगा. आकडे म्हणा. दीर्घ श्वास घ्या. सगळं नीट पार पडलं.

"आता आनंदी चेहरा करा."

ताईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"झाला," ताई म्हणाल्या.

"अं? झाला?"

"हो. आतून केलाय. तुमचा कॅमेरा तिथपर्यंत पोचत नसेल तर मी काय करू?"

मोन्यांनी खाकरून घेतलं. "बरं. आता रागावलेला चेहरा."

"हाच."

"हाच?"

"सरकारी खोलीत बसलेय. काटकसर करतेय." आवाज खालच्या पट्टीत, सपाट, पापणीही न लवता. "आश्चर्याचाही पुढं असेल तर त्यालाही हाच लावून टाका. तुमचा वेळ वाचेल."

मोन्यांच्या तोंडून आधी नुसता एक आवाज निघाला. मग त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. तृप्तीनं पदर तोंडाशी धरला, पण उपयोग झाला नाही. ती खुर्चीतून वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. भुवई उडवून केलेल्या कुठल्याही नकलेला ती अशी हसली नव्हती. आणि ताई एखाद्या न्यायाधीशासारख्या निर्विकार बसून एकदा मोन्यांकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या गळ्याशी काहीतरी हललं. तृप्तीला ते दिसलं. ही खूण तिला नवी होती.

"तृप्ती, आवर," त्या म्हणाल्या. "साहेबांना काम करू दे. त्यांना माझा दुःखी चेहरा घ्यायचाय अजून, आणि तू मला हसवते आहेस."